कचकड्याचा चुडा

८ फेब्रुवारी १९३८, अमरावती

आज अकोल्याहून उत्तमराव आले. मूळचे तेल्हाऱ्याचे, कपाशीवर वर आलेलं घराणं. अलीकडे त्यांनी जठारपेठेच्या मागच्या बाजूला बांगड्यांचा कारखाना काढला आहे. काचेच्या नव्हेत, कचकड्याच्या. मुंबईहून सेल्युलॉइडच्या कांड्या येतात, त्या गरम पाण्यात वाकवायच्या, टोकं जोडायची, रंग द्यायचा, झाली बांगडी. ही बांगडी फुटत नाही, हीच तिची करामत. आपल्या बायकांना सापाविंचवाची नसेल एवढी धास्ती बांगडी फुटण्याची. ‘फुटली’ म्हणणंसुद्धा पाप, ‘वाढवली’ म्हणायचं. उत्तमरावांनी ती धास्ती बरोबर हेरली आणि खोक्यावर छापलं : ‘अखंड चुडा. फुटत नाही, उतरावा लागत नाही.’ पहिल्या लगीनसराईत माल पुरला नाही म्हणतात.

आता त्यांच्यावर दावा लागला आहे. बार्शीटाकळीचा गोवर्धन म्हणून एक माळी, वांगी-मेथी लावतो आणि बाजारात विकतो. त्याची नवी बायको वच्छला हिला लग्नात हाच हिरवा चुडा भरला होता. चूल फुंकायला वाकली, ठिणगी उडाली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून गेली आहेत. अकोल्याचे वामनराव वकील तिच्या बाजूने उभे आहेत. नुकसानभरपाई तर मागितलीच आहे, शिवाय हा माल विकणं बंद करा अशीही मागणी आहे. उत्तमरावांची झोप उडाली आहे ती या दुसऱ्या मागणीने.

“वकीलसाहेब, पोरीचे हात जयले हे खरं हाये. मलेबी वाईट वाटते. पन मी काय तिच्या चुलीत बसलो होतो?”

“हे वाक्य कोर्टात बोलू नका,” मी म्हणालो. “मी बोलेन, जरा चांगले कपडे घालून.”

खूश झाले. माझ्याकडे आले यात नवल नाही. सोड्याची बाटली फुटून डोळा गेला तो खटला, कडबा कापायच्या यंत्राचा, स्टोव्हचा, सगळे कारखानदार माझ्याकडूनच सुटले. बाररूममध्ये मला ‘कारखान्यांचा जावई’ म्हणतात. म्हणोत. माझं सूत्र साधं आहे : वस्तूला अक्कल नसते, वापरणाऱ्याला असायला हवी. बाटली उन्हात कोणी ठेवली? यंत्रात हात कोणी घातला? एवढं विचारलं की समोरचा वकील घाम पुसायला लागतो.

उठता उठता मी उत्तमरावांना विचारलं, कारखान्यात कधी आग लागली होती का. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

“कचकडं घासल्याच्या भुशाले लागली होती एकडाव. भक्कन गेला सारा. तवापासून आतमंदी बिडी बंद हाये, अन् पान्याच्या बालट्या भरून ठेवतो.”

“हे मी ऐकलं नाही,” मी म्हणालो.

“मी बोल्लोच नाई,” ते म्हणाले. शहाणा माणूस. जाताना माझ्या बायकोसाठी, सुभद्रेसाठी, चुड्याचं एक खोकं ठेवून गेले.

११ फेब्रुवारी

तीन दिवस डोकं खाजवत होतो. खोक्यावरचं ते ‘उतरावा लागत नाही’ वामनराव माझ्या घशात घालणार, हे दिसतच होतं. आणि आज उत्तर घरातच सापडलं.

सुभद्रा नव्या बांगड्या घालून बसली होती. हात पुढे करून म्हणाली, “चांगल्या दिसतात नाई?” दिसत होत्या. गोऱ्या हातावर हिरवा रंग खुलतो. मी विचारलं, या काढायला त्रास होतो का.

“कायचा त्रास? काचेच्या काढाच्या म्हटलं तं हात सोलून निंगते. ह्या तं नुसत्या वढल्या का निंगाल्या.” तिने एक सर्रकन काढून दाखवली. मग म्हणाली, “पन काढाच्या कायले?”

मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. जी वस्तू एका झटक्यात निघते, ती चुलीपुढे बसताना काढली नाही तर दोष कोणाचा? खटला माझ्या खिशात आला. मी तिची पाठ थोपटली. तिला कळलं नाही काय झालं ते.

मग ती तशीच चूल पेटवायला निघाली. मी म्हणालो, “अवं, त्या घालून चुलीपाशी जाऊ नको.”

“काहून?”

“नको म्हटलं नं.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कचकड्याच्या उतरवून काचेच्या घातल्या आणि आत गेली.

२ मार्च, अकोला

पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याहून आलो. कोर्ट भरगच्च. बार्शीटाकळीची अर्धी माळीआळी आली होती, आणि त्यांच्याबरोबर भाजीच्या टोपल्यासुद्धा. खटला संपला की बाजार गाठायचा, एवढं बरं.

वच्छलेला पिंजऱ्यात उभं केलं. वय असेल सतरा-अठरा. पदराखाली हात. वामनरावांनी पदर बाजूला करायला सांगितला तेव्हा मागे बायकांमध्ये आवाज झाला. पाहण्यासारखं नव्हतं. मी कागद चाळत राहिलो. जळलेल्या कातडीवरून काच सरकत नाही, म्हणून मनगटांना हिरवा दोरा बांधला आहे, बांगडीच्या जागी. वामनरावांची ही युक्ती असणार. मोठा नाटकी माणूस.

मी आवाज चढवत नाही. बापासारखं विचारलं.

“बाई, विस्तवानं चटका बसतो हे तुम्हाला माहेरी शिकवलं होतं ना?”

“हो जी.”

“या बांगड्या ओढल्या की निघतात. हेही ठाऊक होतं?”

“हो जी.”

“मग चूल पेटवण्याआधी हात मोकळे का नाही केले?”

मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, “लगीन होऊन महिनाबी नोता झाला, सायेब. हात उघडे करून चुलीपाशी बसली असती तं मले घरात ठेवलं असतं का कोनी?”

“म्या नसतंच ठेवलं!” मागून तिची सासू तानुबाई ओरडली. न्यायाधीशांनी दटावलं. मी मात्र मनातल्या मनात म्हातारीच्या पाया पडलो.

मग गोवर्धन. काळासावळा, हाडकुळा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

“तुम्ही बायकोला कधी सांगितलं होतं का, की चुलीपाशी बसताना बांगड्या काढून ठेव?”

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी शिवी दिली.

“काय बोलता सायेब? मी जित्ता हावो. तिनं उघड्या हातानं भाकर थापाची अन् मी थे खाची?”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही मिशीत हसले आणि त्यांनी टिपून घेतलं. मला पाहिजे होतं ते सगळं त्यानेच दिलं. आता ही चूक कचकड्याची उरली नाही, समजुतीची झाली. समजुतीवर खटला चालवता येत नाही.

संध्याकाळी उत्तमरावांकडे जेवण होतं. पुरणपोळी केली होती. भूक नव्हती, पण खाल्ली.

२१ मार्च, अकोला

आज युक्तिवाद. वामनराव खोक्यावरच्या छापील ओळीवर तासभर बोलले. ‘उतरावा लागत नाही’ असं तुम्हीच सांगता आणि उतरवला नाही म्हणून तिलाच दोष देता, चोराच्या उलट्या बोंबा! टाळ्या पडायच्या बाकी होत्या.

मी उठलो. म्हणालो, ही दुकानदारीची भाषा. तेलवाला म्हणतो टक्कल जाईल. म्हणून कोणी त्याला केसांचा हिशेब मागतो काय? मग खिशातून चुडा काढला, माझ्या कारकुनाच्या हातात चढवला आणि सर्वांसमोर एका बोटाने काढला. हातच्या कांकणाला आरसा कशाला! काच असो, कचकडं असो, लोंबता पदर असो, समंजस बाई विस्तवापाशी बसण्याआधी हात मोकळे करते, एवढंच माझं म्हणणं. कोर्टाने नवऱ्याच्या खुळ्या समजुतीचं ओझं उद्योगावर टाकू नये. या प्रांतात उद्योग आहेतच किती?

उत्तम झालं. भुशाच्या आगीचा विषय निघालाच नाही. वामनरावांना त्याचा पत्ता नव्हता.

१० एप्रिल, अमरावती

शेजारी मास्तरांकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. तिथे मास्तरांच्या दुर्गाबाईंनी वर्तमानपत्रात आलेला माझा युक्तिवाद सगळ्या बायकांना वाचून दाखवला. शिकलेली बाई म्हणजे आळीला ताप. सुभद्रा परत आली ती ओटी सोडायच्या आधीच माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमी मले थ्या दिवशी चुलीपाशी जाऊ देलं नाई. तुमाले माईत होतं.”

“वकिलाला पुष्कळ गोष्टी माहीत असतात.”

“मंग कोर्टात काहून नाई सांगतलं?”

“मी तिचा वकील नाही. उत्तमरावांचा आहे.”

“अन् थे काढून दाखवलं थे? मी दाखवलं होतं तुमाले. माह्या हातातली.”

मी म्हणालो, कोर्ट वेगळं, घर वेगळं. ती म्हणाली, “असं हाये का?” आणि आत गेली. ओटीतले भिजवलेले हरभरे तिथेच सांडून राहिले. मीच गोळा केले.

चांगला वकील घरी कधी जिंकत नाही असं आमचे सीनियर म्हणायचे. खोटं नाही.

८ जुलै, अकोला

दावा खारीज. खर्चाची रक्कम त्यांच्यावर बसवू नये असं मीच उत्तमरावांना सांगितलं होतं. माणुसकी म्हणून काही असतं.

निकाल इंग्रजीत वाचला गेला. माझीच वाक्यं त्यात जशीच्या तशी उतरली आहेत. ‘समंजस स्त्री विस्तवापाशी बसण्याआधी हात मोकळे करील.’ ऐकताना छाती फुगली. शेतकऱ्याच्या घरातला मी पहिला वकील. वडील असते तर त्यांना इंग्रजी कळलं नसतं, पण माझा चेहरा कळला असता.

बाहेर व्हरांड्यात गोवर्धन आणि वच्छला उभे होते. वामनराव आत निकालाच्या नकलेच्या मागे लागलेले. गोवर्धन माझ्याकडेच आला. “काय म्हनलं जी साहेबानं?” एवढा भोळा माणूस मी पाहिला नाही.

“दावा खारीज झाला,” मी सांगितलं.

“म्हंजे तिचीच चूक ठरली?”

“कायद्यानं, हो.”

वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. तिला तो धरता येईना, म्हणून त्यानेच वर ओढून दिला, सगळ्यांसमोर, न लाजता. तेव्हा ती बोलली, तीही माझ्याशी :

“म्हंजे थो चुडा दुकानात तसाच राहीन?”

“राहील.”

“लगनातबी भरतीन?”

मी म्हणालो, लोक घेतील तर भरतील. टांग्याची वेळ झाली होती.

९ जुलै, अमरावती

विजय घेऊन घरी आलो. पेढे आणले होते. सुभद्रेने देवापुढे ठेवले, पान वाढलं. भाकर वाढायला ती वाकली तेव्हा मला दिसलं. तिच्या दोन्ही हातांत एकही बांगडी नव्हती. कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, आणि हात उघडे, कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे. असे हात मी माझ्या आईचे पाहिले होते, वडील गेल्यावर.

“अवं, हे काय?”

“चुलीपाशी होती नं.”

“पन काचेच्या काहून उतरवल्या? काच काही पेटत नाई.”

“तुमी काच अन् कचकडं कोठं येगयं केलं? दुर्गाबाईनं वाचलं तवा मी चांगलं कान देऊन ऐकलं. समंजस बाई हात मोकळे करते.”

मी हसण्यावारी नेलं. जेवणं झाल्यावर तिने बांगड्या पुन्हा भरल्या. चढवताना दोन वाढल्या. (पाहा, मीही ‘वाढल्या’च लिहितो आहे. सवय.)

१५ जुलै

रोज तेच. चूल पेटवायच्या आधी उतरवते, आवराआवर झाली की चढवते. काच ती, किती सोसणार? दर वेळी एखादी जाते. ओसरीच्या कोपऱ्यात हिरव्या तुकड्यांचा ढीग झाला आहे, आणि ती तो झाडूनही टाकत नाही. तिचा हातही सोलवटला आहे. मी रागावलो, समजावलं, एकदा हातही जोडले. ती भांडत नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

कचकड्याच्या घाल म्हणालो, त्या तरी वाढत नाहीत. तोंडातून शब्द गेल्यावर मलाच कसंतरी झालं. ती म्हणाली, “उत्तमरावाच्या घरच्या बाया घालतात का थ्या?” मला माहीत नाही. म्हणजे, त्या पुरणपोळीच्या जेवणाला वाढणाऱ्या बायकांच्या हातांत काच होती. आवाज येत होता.

२० जुलै

आज तिच्या हातातली शेवटची गेली. आता दिवसभर हात तसेच.

मी खुळ्या समजुती मानत नाही. कोर्टात मानल्या नाहीत, घरीही मानणार नाही. पण परवापासून कणकण आहे आणि छातीत डाव्या बाजूला टोचतं. डॉक्टर म्हणाले, पित्त. पावसाळी हवा. रोज उघड्या हातांनी थापलेली भाकर पानात पडते आणि मला खरंच भीती वाटते. कशाची, ते लिहायची लाज वाटते.

स्वयंपाकाला बाई ठेवू म्हणालो. सुभद्रा म्हणाली, “ठेवा. तिच्या हातातल्या बांगड्या कोन काढंन?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मंग एखांदी नवरा मेलेली पाहा. तिले काढाचं कामच नाई.”

उत्तमरावांची तार आली आहे. कारखाना वाढवत आहेत. आता कचकड्याच्या बाहुल्याही काढणार. उद्घाटनाला सपत्नीक या म्हणतात.

२८ जुलै

नागपंचमी तोंडावर आली. आळीत घरोघर कासारीण फिरते आहे. सत्यभामा तिचं नाव. आमच्या लग्नापासून हिच्याच हातच्या बांगड्या. मी स्वतः ओटीवरून हाक मारली. म्हटलं, भर चांगल्या डझनभर, हिरव्यागार, मालकिणीला बोलू देऊ नको. सत्यभामा हसली, पेटारी उतरवून ओसरीत बसली, दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या मांडल्या आणि सुभद्रेला हाक मारली.

सुभद्रा पदराला हात पुसत बाहेर आली. सत्यभामेने हात धरायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तिने सुभद्रेच्या मनगटांकडे पाहिलं. मग कपाळाकडे. मग तिची नजर ओसरीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या काचांवर थांबली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “मालकाचं काही...?”

मी झोपाळ्यावर तिच्यासमोर बसलो होतो. आताच मी तिच्याशी बोललो होतो. मी खाकरलो. म्हणालो, “सत्यभामा, मी इथे आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अशा घरी पुरुषाकडे पाहत नाहीत म्हणून पाहिलं नाही, की घाबरली, कोण जाणे.

“भरून घे,” मी सुभद्रेला म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला. “मी सांगतो म्हणून तरी.”

“भरते,” सुभद्रा म्हणाली. “पयले कोर्टात जाऊन सांगा, का थ्या पोरीची चूक नोती. भुशाचं सांगा. मंग भरते.”

भुशाचं हिला कोणी सांगितलं? मीच. युक्तिवाद करून आलो त्या रात्री हसत हसत सांगितलं असेन. आठवत नाही.

मी म्हणालो, असं करता येत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला फोडता येत नाही, सनद जाते, आणि मला नंतर कोण विचारील? ती ऐकून घेत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिने. मग सत्यभामेला म्हणाली, “ऐकलं नं, माय? जाय तू.”

सत्यभामेने एकेक दोरा उचलला, पेटारीत ठेवला, झाकण लावलं, जरासुद्धा वाजू न देता. एरवी जाताना ती दारातून मोठ्याने ‘येतो जी मालक, पंचमीले येतो’ म्हणते, ते सगळ्या आळीला ऐकू जातं. आज पेटारी डोक्यावर घेतली आणि ‘येतो’ न म्हणताच उतरून गेली. मयताच्या घरून निघताना माणसं म्हणत नाहीत, तशी.

मी झोपाळ्यावरच होतो. ती वळेल म्हणून हातही वर केला होता. सुभद्रा भाकरी थापायला आत गेली.